सीरमची बाटली हाती घेण्याआधी

सीरमचा फ्रीझर आता तुझ्या ताब्यात येतोय, तेव्हा काही गोष्टी आधीच कानावर घालते. एसओपीची फाइल कपाटात आहे, ती वाच. पण ती लिहिणाऱ्याने बाटली अर्धवट वितळलेली असताना कशी दिसते हे कधी पाहिलं असेल असं मला वाटत नाही. म्हणून फाइलच्या बाहेरचं तेवढं ऐक.

सीरम बिघडलं तर त्याच दिवशी कळत नाही. सगळ्या भानगडीचं मूळ इथे आहे. सेल्स दोन-तीन दिवस तग धरतात, मग वाढ मंदावते, कुठे कुठे गोल होऊन सुटायला लागतात. तोपर्यंत त्या बाटलीतलं सीरम चार जणांच्या मिडियात गेलेलं असतं आणि बाटली धुऊन पालथी पडलेली असते. मग एक जण इनक्युबेटरच्या नावाने बोटं मोडतो, दुसरा ट्रिप्सिनच्या, आणि शेवटी सगळे मिळून कंपनीवर येतात की या वेळी लॉटच खराब आला. लॉट खराब निघतो, नाही असं नाही. पण मी पाहिलंय त्यात बहुतेक वेळा लॉट चांगला असतो. त्याचं काय व्हायचं ते फ्रीझर आणि हूड यांच्या मधल्या वाटेत होतं. ही वाट आता तुझी.

आधी हातात काय आहे ते समजून घे. एफबीएस म्हणजे गाभण गाय कत्तलखान्यात गेली तर तिच्या पोटातल्या न जन्मलेल्या वासराच्या रक्तापासून काढलेलं सीरम. रक्त गोठू द्यायचं, गुठळी वेगळी करायची, राहिलेला द्रव अतिबारीक फिल्टरांतून गाळायचा, बाटल्या भरून गोठवायच्या. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका, दक्षिण अमेरिका इकडून ते येतं, कारण तिकडे मांसाचा व्यवसाय मोठा आणि सीरम त्याचं उपउत्पादन. १९५१ साली जॉर्ज गाय यांनी हेला सेल्स वाढवल्या तेव्हा कोंबडीचा प्लाझ्मा, गाईच्या भ्रूणाचा अर्क आणि माणसाच्या नाळेतल्या रक्ताचं सीरम असं मिश्रण करावं लागायचं. थिओडोर पक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये भ्रूणसीरम वापरलं, आणि पुढे सगळं जगच त्याच्यावर आलं. त्यात वाढीचे घटक भरपूर आणि अँटिबॉडी कमी. नेमकं काय काय आहे, याची पूर्ण यादी मात्र आजही कोणी देऊ शकत नाही. बाटलीची किंमत तुला बिलावर दिसेलच. मला किमतीपेक्षा ते कुठून आलं याची जाणीव असलेली बरी वाटते. तळाशी १० मिलि राहिलंय म्हणून सिंकमध्ये ओतणारी मुलं मला आवडत नाहीत.

पार्सल आलं की आधी खोका उघडून बघ. ड्राय आइस शिल्लक आहे का? बाटल्या दगडासारख्या टणक आहेत का? आणि आतला गोठलेला पृष्ठभाग बाटलीच्या तळाशी समांतर आहे का? तो तिरपा असेल तर प्रवासात कुठेतरी सीरम वितळलं, बाटली आडवी झाली आणि तशीच पुन्हा गोठली असा संशय घ्यायचा. कंपनीकडून बाटली आडवी ठेवूनही गोठवलेली असू शकते, म्हणून एकटीच तिरपी दिसली तर शेजारच्या बाटल्यांशी ताडून बघायचं. फोटो काढ, पुरवठादाराला त्याच दिवशी कळव. दुसऱ्या दिवशी कळवलं तर ते तुझ्याच फ्रीझरवर ढकलतात, आणि त्यांचंही काही चुकत नाही. शुक्रवारी संध्याकाळी पार्सल गेटवर येऊन पडायची सवय असते, तेव्हा वॉचमनकाकांना नाव आणि नंबर देऊन ठेव. ड्राय आइस उघड्या हाताने उचलू नकोस आणि बंद कोल्ड रूममध्ये ठेवू नकोस. उरलेला हवेशीर जागी उडून जाऊ दे.

ड्राय आइसमधून निघालेली बाटली उणे ७८ अंशांची असते. ती थेट ३७ च्या बाथमध्ये टाकली तर तडकू शकते. एक रात्र मायनस २० मध्ये ठेव, मग पुढचं.

आता वितळवणं. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण निम्मं सीरम इथे बिघडतं.

लहानपणी पेप्सीकोला चोखताना आधी सगळा रंग आणि साखर तोंडात येते आणि मागे नळीत पांढरा, बेचव बर्फ उरतो, तसंच बाटलीत होतं. पाणी गोठताना क्षार आणि प्रथिनं बाहेर ढकलतं. वितळताना हा दाट भाग आधी सुटतो आणि जड असल्यामुळे तळाशी जाऊन बसतो. बाटली न हलवता ठेवलीस तर एक वेळ अशी येते की तळाला गडद तपकिरी थर असतो, वर जवळजवळ रंगहीन पाणी, आणि त्यात तरंगणारा फिकट बर्फाचा गोळा. उजेडासमोर धरून एकदा बघच. सांगून समजत नाही ते. त्या तळाच्या थरात क्षार आणि प्रथिनं नको इतकी एकवटलेली असतात, आणि ती तशीच तासन् तास राहिली तर गाळ धरतात. नंतर बाटली कितीही फिरव, झालेला गाळ पुन्हा विरघळत नाही.

म्हणून वितळणाऱ्या बाटलीला मधून मधून हात लावायचा. मान धरून हलकेच गोल फिरवायची, तळाचा गडद थर वर उठून मिसळेपर्यंत. जोराने हलवायची नाही. फेस आला की त्या फेसावर प्रथिनं उघडी पडून खराब होतात, आणि फेस बसायला अर्धा तास जातो तो वेगळाच.

पद्धत साधी आहे. संध्याकाळी बाटली २ ते ८ अंशांच्या फ्रीजमध्ये उभी ठेव, खाली ट्रे असू दे. ५०० मिलिची बाटली एका रात्रीत पूर्ण वितळेल अशी आशा धरू नकोस. सकाळी मध्ये गोळा असतोच. आल्या आल्या फिरव, चहा पिऊन आल्यावर पुन्हा फिरव. दुपारपर्यंत गोळा लहान झाला की ३७ च्या वॉटर बाथमध्ये ठेव, दर पाच-दहा मिनिटांनी फिरव, आणि बर्फाचा शेवटचा तुकडा दिसेनासा झाला की लगेच बाहेर काढ. बाथमध्ये ठेवून जेवायला जायचं नाही. ३७ वर उगाच पडून राहिलेलं सीरम गढूळ होत जातं. आणि घाई आहे म्हणून थेट ५६ वर वितळवायचं तर मुळीच नाही. बाटलीची कडेची बाजू शिजते आणि मध्ये अजून बर्फच असतो. कोणी मायक्रोवेव्हचं नाव काढलं तर त्याला हूडपासून लांब ठेव.

नियोजन म्हणशील तर दोन दिवस आधी विचार करायचा. मंगळवारी मिडिया हवा तर रविवारी संध्याकाळी, नाहीतर सोमवारी पहाटे, बाटली फ्रीजमध्ये गेली पाहिजे. आणि शनिवारी बाटली काढून ठेवून दिवाळीला गावी जायचं नाही.

बाथचं पाणी हा वेगळाच विषय. नळाच्या पाण्याने क्षार बसतात आणि त्यात काय काय वाढतं ते नाकाला कळतं. डिस्टिल्ड पाणी घाल, आठवड्याला बदल, टाकी पुसून कोरडी कर. पाण्याची पातळी झाकणाच्या बरीच खाली असली पाहिजे. बाटली तरंगून आडवी होऊ नये म्हणून मानेत वजनाचं कडं घाल. बाहेर काढली की आधी टिश्यूने कोरडी पूस आणि मगच ७० टक्के अल्कोहोल मार. ओल्या बाटलीवर मारलेलं अल्कोहोल पातळ होतं, तेवढं जंतू मारत नाही. झाकणाच्या खालच्या खाचेत पाण्याचा थेंब अडकतो, तो टिश्यूच्या टोकाने काढ. कंटॅमिनेशनच्या कित्येक चौकशा मी त्या थेंबापाशी येऊन थांबलेल्या पाहिल्यात.

वितळल्यावर बाटलीत पांढरट तंतू आणि तुकडे दिसले तर घाबरू नकोस. रक्त गोठताना सगळं फायब्रिनोजेन संपत नाही. उरलेलं सीरममध्ये राहतं आणि वितळल्यावर त्याचं फायब्रिन होतं. सेल्सना त्याचा त्रास नाही. नवी मुलं ते पाहून सगळी बाटली ०.२२ च्या फिल्टरमधून काढायला बसतात. फिल्टर पहिल्या पन्नास मिलिमध्ये तुंबतो, सीरमही वाया जातं आणि कामाची प्रथिनंही थोडी फिल्टरवर राहतात. फारच खुपत असेल तर लागेल तेवढं ट्यूबमध्ये घेऊन ४०० जी ला पाच-दहा मिनिटं फिरव आणि वरचं घे. रंगाचंही तसंच. एक लॉट पिवळसर, दुसरा तांबूस, हे हिमोग्लोबिन कमी-जास्त असल्यामुळे. नुसत्या रंगावरून बाटली नाकारू नये.

काळे ठिपके ही खरी गंमत. मायक्रोस्कोपखाली सेल्सच्या मध्ये बारीक बारीक ठिपके थरथरताना दिसतात आणि मुलं "बॅक्टेरिया!" म्हणून ओरडतात. आमच्याकडे एका मुलाने असे तीन फ्लास्क ब्लीच ओतून मारले होते. सेल्स ठणठणीत होत्या. ते बहुधा कॅल्शियम फॉस्फेटचे कण असतात, ५६ वर तापवलेल्या सीरममध्ये जास्तच. फरक असा ओळख: कण जागच्या जागी थरथरतात, कुठे जात नाहीत, आणि आकाराने एकसारखे नसतात. बॅक्टेरिया एकसारखे दिसतात, त्यांतले पोहणारे सरळ निघून जातात, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या दिवशी मिडिया गढूळ होऊन पिवळा पडतो. तरी शंका राहिली तर सेल्स न घालता, अँटिबायोटिकही न घालता, तोच मिडिया एका लहान फ्लास्कमध्ये घेऊन दोन-तीन दिवस इनक्युबेटरमध्ये ठेव. स्वच्छ राहिला तर कण. गढूळ झाला तर मग ब्लीच. मायकोप्लाझ्मा मात्र यातल्या कशानेच दिसत नाही. तो मिडिया गढूळ करत नाही आणि ०.२२ च्या फिल्टरमधून पार होऊ शकतो. त्याची टेस्ट वेगळी, आणि ती ठरल्या दिवशी करायचीच.

हीट इनॅक्टिव्हेशन करायचं का, हा प्रश्न तुला पहिल्याच आठवड्यात कोणीतरी विचारेल. माझं मत विचारशील तर बहुतेक सेल लाइन्सना ते लागत नाही. ५६ अंशांवर ३० मिनिटं ठेवलं की कॉम्प्लिमेंट निष्प्रभ होतं. ज्यांच्या प्रयोगात कॉम्प्लिमेंटने सेल्स फुटतात किंवा इम्यून पेशी चाळवल्या जातात, त्यांना ते हवंच. बाकीचे "आधीपासून करत आलोय" म्हणून करतात. त्यात वाढीचे घटक थोडे जातात, गाळ वाढतो, आणि आपला अर्धा दिवस जातो. पण एखाद्याचं जुनं काम सगळं तापवलेल्या सीरमवर झालं असेल तर मध्येच बदलायला सांगू नकोस; त्याचे आकडे जुळायचे नाहीत. सेल्स पुण्याच्या एनसीसीएसमधून आणल्या असोत की बाहेरून, त्या ज्या सीरमवर वाढत होत्या त्याचीच चौकशी आधी करावी.

करायचंच असेल तर नीट कर. सीरम पूर्ण वितळलेलं, ३७ वर आलेलं हवं. तशाच दुसऱ्या बाटलीत तेवढंच पाणी घे, त्यात थर्मामीटर ठेव, आणि दोन्ही बाटल्या एकाच वेळी बाथमध्ये सोड. बाथचं पाणी सीरमच्या पातळीच्या वर असू दे, झाकणाच्या खाली. बाथचा आकडा ५६ दाखवतो म्हणून घड्याळ लावायचं नाही. पाण्याच्या बाटलीतला पारा ५६ वर आला की तिथून ३० मिनिटं. ५०० मिलिला तिथवर यायलाच बराच वेळ लागतो. दर दहा मिनिटांनी फिरव. बाथ ६० च्या पुढे गेला किंवा वेळ लांबला तर सीरम घट्ट व्हायला लागतं; एकदा तसं झालं की फेकणं आलं. वेळ झाली की लगेच बर्फात. कडेला ठेवून थंड होऊ देणं म्हणजे ५६ ची वेळ आणखी लांबवणं.

अलिकोट. सीरम गोठून आलं, तू वितळवलंस, भागून पुन्हा गोठवतेस, हे एकदा चालतं. त्याच ट्यूबा पुन्हा पुन्हा बाहेर काढून आत टाकणं चालत नाही. सहा जण एकच सीरम वापरत असतील आणि बाटली दोन-तीन आठवड्यांत संपत असेल तर भागूच नकोस, फ्रीजमध्ये राहू दे. वितळलेलं सीरम साधारण चार आठवडे तिथे धरतं. लागणारं थोडं असेल तरच भाग. आमच्याकडे २५ मिलिच्या ट्यूबा करतात, एका बाटलीच्या वीस होतात. ५० मिलिची ट्यूब घेऊन अर्धीच भरायची. गोठताना सीरम फुगतं, आणि ४५ च्या वर भरलेली ट्यूब झाकणापाशी चिरते. ती चीर वितळवताना बाथच्या पाण्यात कळते, जेव्हा उपयोग नसतो. पंचवीसच का, तर ५०० च्या मिडियाच्या बाटलीतून ५० मिलि आधी काढून घ्यायचं आणि दोन ट्यूबा ओतायच्या, की दहा टक्के बरोबर होतं. न काढता ५० ओतलंस तर ५५० मध्ये ५० होतात, म्हणजे ९.१ टक्के. चालतं की, म्हणतात सगळे. चालतं खरं, फक्त लॅबमध्ये निम्म्यांनी काढून आणि निम्म्यांनी न काढता ओतू नये.

ट्यूबवर लॉट नंबर, तारीख, तापवलेलं की नाही आणि कोणी भागलं, एवढं हवंच. झाकणावर मार्करने लिहिलेलं अल्कोहोलच्या एका फवाऱ्यात पुसून जातं, म्हणून अंगावर टेप लाव. फ्रीझरमध्ये ट्यूबा सुट्या, उभ्या ठेव. थर्मोकोलच्या रॅकमध्ये घट्ट कोंबल्या तर रात्रभर गोठत राहतात आणि पुन्हा तोच थरांचा खेळ. फ्रीझर घरगुती फ्रॉस्ट-फ्री नको. बर्फ साचू नये म्हणून तो ठरावीक वेळाने स्वतःला थोडा तापवत असतो, आणि सीरमला ते रोज सोसावं लागतं.

पुण्यात मे महिन्यात वळीव आला की वीज जाते. वीज सकाळी परत आलेली असते आणि फ्रीझर पुन्हा मायनस २० दाखवत असतो, तेव्हा रात्री काय झालं ते आकड्यावरून कळत नाही. एका छोट्या बीकरमध्ये पाणी गोठवून वर एक रुपयाचं नाणं ठेवून दे, खालच्या आणि वरच्या दोन्ही कप्प्यांत. नाणं वरच असेल तर निश्चिंत. नाणं बर्फात बुडून गोठलेलं दिसलं तर सीरमही मऊ झालं होतं असं समज. असं सीरम फेकायलाच हवं असं नाही. थंड असेल तर पूर्ण वितळव, मिसळ, त्यावर ठळक लिही आणि रोजच्या कामाला, सेल्स नुसत्या राखायला वापर. क्लोनिंगला किंवा कोणाच्या थिसिसच्या शेवटच्या प्रयोगाला ते देऊ नकोस. वीज गेलेली असताना दार उघडून बघायचा मोह होतो. दारावर टेप मार आणि मोह होणाऱ्याला बाहेर ने.

लॉट निवडणं हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कंटाळवाणं काम. एका लॉटमधून दुसऱ्यात जाताना सेल्सच्या चालीत फरक पडतो. तीन-चार लॉटचे नमुने मागव, आणि टेस्ट होईपर्यंत तो लॉट राखून ठेवायला पुरवठादाराला सांग, ते ठेवतात. टेस्ट लॅबमधल्या सगळ्यात नाजूक सेल लाइनवर कर. हेलावर केलीस तर सगळे लॉट पास होतील. सेल्स विरळ पेर, कारण दाट पेरल्या की एकमेकींच्या आधाराने वाढतात आणि सुमार सीरमही चांगलं दिसतं. किमान तीन पॅसेज बघ; पहिल्या पॅसेजमध्ये जुन्या सीरमची पुण्याई चालू असते. सर्टिफिकेटवर एंडोटॉक्सिन आणि हिमोग्लोबिनचे आकडे असतात, ते वाच. एंडोटॉक्सिन इम्यून पेशींवर काम करणाऱ्यांना फार नडतं, बाकीच्यांना कमी. गाईगुरांच्या बीव्हीडी विषाणूची तपासणी झालीय का तेही बघ. आवडलेला लॉट मिळाला की परवडेल तेवढा घेऊन ठेव, आणि जुना संपायच्या आत नवा सुरू कर, म्हणजे दोन्ही शेजारी शेजारी वाढवून बघता येतात.

हल्ली सीरमशिवायचे मिडिया निघालेत, माणसाच्या प्लेटलेटचा अर्कही वापरतात. कारखान्यांत तर बरंचसं काम सीरमशिवाय चालतं. आपल्याकडेही कोणाला करून बघायचं असेल तर अडवू नकोस. फक्त सेल्सना हळूहळू सवय लावावी लागते, एका दिवसात सीरम काढून घेतलं तर मरतात.

राहिलं मागवणं. फ्रीझरच्या दारावर बाटल्यांचा तक्ता आहे, त्यात प्रत्येक बाटली काढताना सही घे, सरांचीसुद्धा. सहा बाटल्या उरल्या की पुढच्या लॉटचे नमुने मागवायचे. शून्य झाल्यावर मागवलंस तर परचेसची फाइल, आयातीचा परवाना आणि कस्टम्स यांत महिना सहज जातो, आणि तो महिनाभर सगळी लॅब शेजारच्यांकडे ५० मिलि उसनं मागत फिरते. उसनं आणलेलं सीरम कोणाच्या मिडियात गेलं तेही त्याच तक्त्यात लिही, लॉट नंबरसकट.